तीनवळणीचा उतार

“ज्या पायरीनं डोंगर चढलास, त्याच पायरीनं उतर,
ब्रेकाला ठेव पाहुण्यावाणी, नको राबवू दिसभर…”

बावीस वर्षं झाली, पण मुनसामी काकांचा तो आवाज सुरुजपालच्या कानातून हलला नव्हता. उसानं शिगोशीग भरलेली लॉरी घेऊन तो त्या दिवशी पहिल्यांदाच तीनवळणीचा उतार उतरत होता. तळहात घामानं ओले, उजवा पाय ब्रेकवर शिसं ओतल्यासारखा. शेजारच्या सीटवर काका मांडी घालून बसलेले, जणू ओसरीवरच बसलेत. गाता गाता मध्येच थांबून ते म्हणाले होते, “पाय उचल. ब्रेकला किती राबवशील? इंजिन धरतंय ना गाडीला? धरू दे. माथ्यावर गिअर टाकला की उतार संपेस्तोवर त्याला हात लावायचा नाही. आणि इंजिनचं बोलणं ऐक. ते ओरडायला लागलं म्हणजे उशीर झाला. कुजबुजतं तेव्हाच ऐकायचं असतं, लेका.”

त्या एका ‘लेका’वर सुरुजपालनं बावीस हंगाम काढले.

काकांना मूलबाळ नव्हतं. फिजीतल्या लंबासा गावाबाहेर, डोंगर जिथं पाय पसरून बसतो तिथं त्यांचं पत्र्याचं घर. पुढं अंगण, अंगणात नीरफणसाचं झाड आणि दोन लॉऱ्या, थोरली आणि धाकटी. साखरेच्या मुलखात राहिलेल्या माणसाचे डोळे साखरेनंच खाल्ले. स्टिअरिंग सुटलं, पण गाड्या सुटल्या नाहीत. गाळपाच्या दिवसांत काका सकाळ-संध्याकाळ नीरफणसाखाली वेताच्या खुर्चीत बसत आणि डोंगरावरून येणाऱ्या गाड्या कानानं बघत. कोणाची गाडी, किती भार, कोण कुठल्या वळणाला घाबरला, सगळं त्यांना तिथं बसून कळे.

थोरली अठरा वर्षं सुरुजपालच्या हातात होती. पहाटे तो तेल बघायचा, डिझेलच्या गाळणीतलं पाणी सोडायचा, इंजिन चालू करून तसंच मंद गुणगुणत ठेवायचा. गार इंजिनाला कधी दामटायचा नाही. काका खुर्चीतून ऐकत असायचे. पण ‘छान’ असा शब्द त्यांच्या तोंडून त्याच्यासाठी कधी निघाला नाही. सुरुजपाल मनाला समजवायचा, काकांचा स्वभावच तसा. माणूस कौतुकाला कंजूष, त्याला कोण काय करणार?

आणि मग यंदा इनोके आला.

इनोके पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावचा, अठ्ठावीस वर्षांचा. फिजीच्या फौजेत असताना त्यानं सिनाईच्या वाळवंटात पाण्याचे ट्रक चालवले होते. खांदे दाराएवढे, आवाज मात्र हळू. हंगामाच्या सुरुवातीला काकांनी त्याला धाकटी दिली, सपाटीवरच्या शेतांसाठी. पहिल्याच दिवशी अंगणात गाडी लावल्यावर तो खाली उतरलाच नाही. इंजिन चालू ठेवून, हात मांडीवर घेऊन, देवळात बसावं तसा बसून राहिला. चांगली तीन मिनिटं. मग किल्ली फिरवली.

“बघितलंस?” काका सुरुजपालला म्हणाले. “टर्बो लालबुंद झालेला असतो. फटकन बंद केलं तर आतलं तेल जळतं. पोरगं इंजिनला श्वास घेऊ देतंय.”

ही गोष्ट त्यालाही माहीत होती. काकांनीच शिकवलेली. अलीकडं तो एका मिनिटातच उतरायचा, एवढंच. कंबर दुखायची.

दोन महिने असेच गेले. रोज काहीतरी. “इनोके गिअर बदलतो ते कळतच नाही बघ, लोण्यातून सुरी जावी तसं.” “इनोके चढाला इंजिनची दमछाक होऊ देत नाही, आधीच खालचा गिअर घेतो.” एक दिवस तर काका जेवता जेवता म्हणाले, “त्याच्या गाडीचा आवाज आला ना, की मला झोप लागते.”

चिन्नम्मा काकू भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. “आणि सुरुजची गाडी आली की उठून बसता,” त्या हसून म्हणाल्या.

सगळे हसले, इनोकेसुद्धा. सुरुजपालही हसला, पण पुढचा भात त्यानं ताटातच ठेवला. त्या रात्री घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, “भाजीत मीठ जास्त झालं होतं का तिकडं? तोंड असं का?” तो म्हणाला, “मीठ कशाला? साखरच जास्त झालीय.”

मत्सर म्हणजे काय, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. मत्सर गाळणीतल्या पाण्यासारखा असतो. डिझेलच्या तळाशी गुपचूप साचतो. वरून बघाल तर सगळं स्वच्छ, आणि एक दिवस भर चढाला इंजिन खोकायला लागतं.

तो दिवस शुक्रवारी उजाडला. गाळपाला डोंगरावरच्या उसाची पाळी आली होती. काकांनी दोघांना बोलावलं.

“सोमवारपासून वरची शेतं. सुरुज, तू धाकटी घे. थोरली इनोकेला दे.”

“थोरली?” सुरुजपालला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“म्हातारी झालीय ती. तिला आता मऊ हात पाहिजे.”

मऊ हात. अठरा वर्षं ज्या हातानं तिला सांभाळलं तो हात आता खरबरीत झाला होता तर. काका पुढं बोलत होते, जपानहून दहाचाकी लॉरी येतेय, पुढच्या महिन्यात बंदरात उतरेल, ती कोणाला द्यायची ते हा डोंगर उतरताना ऐकून ठरवीन. पण सुरुजपालचे कान तिथंच, ‘मऊ’ या शब्दापाशी अडकून राहिले होते.

“चल भाई, गाडी दाखव तुझी,” इनोके त्याच्या मागोमाग आला.

“दाखवायचंय काय? गाडीच आहे. म्हैस थोडीच आहे, खोडी असायला?”

इनोके हसला. “तरी पण. प्रत्येक गाडीची एक खोड असते.”

थोरलीला खोड होती, आणि ती फक्त सुरुजपालला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी कारखान्यासमोरच्या रांगेत नंबर लावायच्या घाईत त्यानं उतारावर, इंजिनचा वेग जुळलेला नसताना, दांडी जोर लावून तिसऱ्यात कोंबली होती. आत दात कडकडले. त्या दिवसापासून तिसऱ्या गिअरची पकड गेली. सपाटीवर काही कळायचं नाही. पण भरली गाडी उताराला लागली, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि इंजिन गाडीला मागं धरायला लागलं, की दांडी टुणकन उडी मारून मोकळी व्हायची. गाडी कोणाच्याच हातात नाही, ना इंजिनच्या, ना ड्रायव्हरच्या. काकांना हे सांगायचं म्हणजे दात कोणी मोडले तेही सांगायचं. म्हणून सुरुजपालनं जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून तिचा फास केला. एक टोक सीटच्या लोखंडाला, दुसरं दांडीला. माथ्यावर तिसरा टाकायचा, फास चढवायचा, आणि निवांत उतरायचं. खाली खुर्चीत बसलेल्या काकांच्या कानालाही पत्ता लागला नव्हता.

आता इनोके पलीकडच्या बाजूनं टायर बडवून बघत होता. सुरुजपालनं आपली उशी घेतली, देवाचा फोटो घेतला, बिडीचं बंडल घेतलं. मग फासाची गाठ सोडली, रबराची पट्टी खिशात घातली आणि खाली उतरला.

“काय खोड आहे मग?” इनोकेनं विचारलं.

“तू कानाचा तिखट आहेस ना? ऐक की तूच.”

असं तो म्हणाला खरं. मनात म्हणाला, शनिवारी सांगू. शनिवारी वाटलं, रविवार आहेच. रविवारी इनोके चर्चमधून परस्पर गावाला गेला, तेव्हा सुरुजपालला बरंच वाटलं. सोमवारी सकाळी सांगू, माथ्यावर.

सोमवारी वरच्या शेतात तोडणीवाल्यांनी दोन्ही गाड्यांवर ऊस रचला. बारा-बारा टन. साखळ्या आवळल्या. इनोकेनं रोटीची पुरचुंडी उघडली, आत बटाट्याची भाजी आणि डब्यातला मासा. “घे भाई, बायकोनं तुझ्यासाठी मिरची जास्त घातलीय. म्हणाली, सुरुजभाईंचं तोंड हल्ली गोड दिसत नाही, त्यांना तिखटच आवडत असेल.”

सुरुजपालनं रोटी घेतली. सांगायचं ते जिभेच्या टोकाशी आलं होतं. तेवढ्यात इनोके म्हणाला, “काकांनी परवा बोलावून सांगितलं, माथ्यावर तिसरा टाक आणि मग फक्त ऐक. म्हणाले, हे मी आजवर एकालाच शिकवलंय.”

“कोणाला?”

“ते नाही सांगितलं.”

ते नाही सांगितलं! सुरुजपालनं उरलेली रोटी कुत्र्याला टाकली आणि धाकटीत जाऊन बसला. “तू हो पुढं,” तो खिडकीतून म्हणाला. “काका वाट बघत असतील तुझ्या आवाजाची.”

थोरली पुढं, धाकटी मागं. माथ्यावर इनोके थांबल्यासारखा झाला, तिसरा टाकला आणि उताराला लागला. सुरुजपाल काच खाली करून ऐकत होता. ऐकावंच लागत होतं. काय उतरवत होता तो! इंजिन एका सुरात घुमत होतं, ना वर, ना खाली, भरल्या घरात आईनं जातं ओढावं तसं. ब्रेकचे लाल दिवे अधूनमधून क्षणभर लागत आणि विझत. थोडा दाबायचा, सोडायचा. पाहुण्यासारखा. पहिलं वळण सरलं. सुरुजपालला वाटलं, कदाचित सुटणारच नाही. मऊ हात आहे ना. दुसरं वळण आलं.

आणि सूर तुटला.

घुमणारं इंजिन एकदम मिणमिणायला लागलं, जसं कोणी दिव्याची वात खाली ओढावी. थोरली हलली, सैल झाली, धावू लागली. ब्रेकचे दिवे लागले ते लागलेच. आणि त्या क्षणी, खोटं कशाला सांगा, सुरुजपालच्या पोटात काहीतरी गोड झालं. चुकलास! क्षणभरच. मग मागच्या चाकांतून निळा धूर निघताना दिसला. तिसऱ्या वळणाच्या उजवीला दरी होती.

पुढच्या गाडीत इंजिन गरजलं. इनोके वेग जुळवत होता. एकदा दात कडाडले, दुसऱ्यांदा कुठलातरी वरचा गिअर बसला, गाडीनं हिसका खाल्ला. वेग तुटला, पण पुरेसा नाही. मग त्यानं जे केलं ते फौजेनं शिकवलं असेल किंवा देवानं. डावीकडची चाकं त्यानं डोंगराच्या बाजूच्या चरात घातली आणि अख्खी कूस मातीच्या कड्याला घासत नेली. आरसा उडाला, मडगार्ड दुमडलं, वरच्या मोळ्या रस्त्यावर सांडल्या. थोरली एकदा कण्हली आणि वळणाच्या दहा पावलं आधी थांबली.

सुरुजपाल धाकटी उभी करून धावला. इनोकेच्या कपाळातून रक्त वाहत होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि इंजिन चालूच.

“बंद कर! बंद कर ते!”

“तापलंय भाई,” इनोके पुटपुटला. “जरा थांबू दे त्याला.”

तशा अवस्थेत तो बसून राहिला. सुरुजपाल दाराशी उभा राहून त्याच्या कपाळावर फडकं धरून होता, आणि त्याला कळत होतं की या माणसाच्या पासंगालाही आपण पुरणार नाही. हे कळून मत्सर कमी व्हावा की नाही? तो वाढला.

तीन मिनिटं झाली तेव्हा इनोकेनं किल्ली फिरवली. मग विचारलं, “भाई, तिसरा तुझ्याकडं कधी सुटायचा का?”

डोंगरावर वारा नव्हता. गरम लोखंड टिकटिक करत गार होत होतं.

“माझ्याकडं?” सुरुजपाल म्हणाला. “कधीच नाही.”

“मग माझ्याच हातून नीट बसला नसणार.” इनोकेनं मान हलवली. जरा वेळानं पुन्हा हलवली. “माझाच हात.”

साखळी लावून धाकटीनं थोरलीला चरातून ओढलं. दुसऱ्या गिअरमध्ये, गोगलगायीच्या चालीनं, दोघं खाली आले. काका खुर्चीतून उठून फाटकापर्यंत चाचपडत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“काय झालं?”

“तिसरा सुटला, काका,” इनोके म्हणाला. “मी नीट बसवला नव्हता.”

काकांनी त्याच्या कपाळाला हात लावला, रक्त बोटांत चोळून बघितलं. चिन्नम्मा काकू आतून हळद घेऊन धावत आल्या. “जीव वाचला हे बघा आधी! गिअर कसला घेऊन बसलात?” पण काकांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

“गाडी चुकली तर मी गाडी दुरुस्त करतो,” ते हळूच म्हणाले. “हात चुकला, तर तो हात मी पुन्हा डोंगरावर पाठवत नाही. उद्या तो कोणाच्या पोराबाळांवर जाईल. इनोके, किल्ली ठेव.” मग थोडं थांबून, “सुरुज, दहाचाकी तू घे.”

ज्यासाठी जीव तळमळत होता ते असं, ताटात वाढून समोर आलं. सुरुजपाल घरी गेला. बायकोनं ऐकून गुळाची खीर केली. त्याला ती कडू लागली.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलायला लागला तेव्हा इनोके आला. त्याच्या लोकांची लुंगी, स्वच्छ सुलू नेसलेला, कपाळाला पट्टी, आणि कडेवर मूल घ्यावं तशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाच्या, कुटून पेय करतात त्या मुळ्यांची जाड जुडी. त्याच्या लोकांची रीत अंगणात सगळ्यांना ठाऊक होती. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं मुळ्या आणायच्या, जमिनीवर ठेवायच्या आणि मान वर करायची नाही. समोरच्यानं मुळ्यांना हात लावला, की ती चूक मातीत गेली. त्यानंतर तिचं नाव कोणी कधीच काढायचं नाही, ना घरात, ना रस्त्यावर.

काकूंनी चटई अंथरली. काका बसले, सुरुजपाल त्यांच्या बाजूला. इनोके लांबूनच गुडघ्यांवर चालत आला. एवढा मोठा माणूस, जमिनीसरपट झाला. जुडी पुढं ठेवून त्यानं तीन पोकळ टाळ्या वाजवल्या.

“काका, तुमची गाडी माझ्या हवाली होती,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “माझ्या हातून तिचं हाड मोडलं. सुरुजभाई मागं होते, त्यांचाही जीव मी धोक्यात घातला. तुम्ही शिकवलेलं मला पेललं नाही. राग ठेवू नका. मी गावाला जातो, मासे मारीन. पण ही गोष्ट आपल्यामधे राहू नये.”

नीरफणसाचं एक पान गळून चटईवर पडलं. काकांनी डोळे पुसले. त्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पाणी यायचं.

“मला जुडी दिसत नाही,” ते म्हणाले. “आणि जीव तर तुझाही टांगणीला लागला होता, सुरुज. माझ्या जागी तूच हात लाव. या अंगणातला थोरला तू आहेस.”

थोरला तू आहेस. हे ऐकायला तो बावीस वर्षं थांबला होता.

सुरुजपालनं हात पुढं केला. एक वीत अंतर होतं. हात टेकवला की संपलं. मग कोणी विचारणार नाही, इनोके तर मरेस्तोवर नाही, कारण रीतच तशी. दहाचाकी आपली, खुर्चीतले कान आपले, सगळं आपलं. समोर इनोकेचं डोकं तसंच खाली वाकलेलं होतं. पट्टीच्या कडेनं थोडं रक्त पुन्हा झिरपलं होतं. त्याला ते कळलंही नसणार. तो फक्त वाट बघत होता, आपल्या नसलेल्या चुकीची माफी मिळायची.

हात तिथंच थांबला.

“सुरुज?” काका म्हणाले. “लाव की हात. पोरगं किती वेळ वाकून राहील?”

“नाही लावता येत, काका.”

“राग आहे अजून?”

“त्याच्यावर कसला राग?” सुरुजपालनं हात मागं घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यावर दाबून धरला. “तिसरा सुटतो, काका. दोन वर्षं सुटतोय. दात मी मोडलेत, घाईत. मी दांडी बांधून उतरायचो, म्हणून तुम्हाला कळलं नाही. शुक्रवारी गाडी देताना ते बांधलेलं मी सोडून नेलं, आणि याला सांगितलं नाही. वर यानं तोंडावर विचारलं, तर म्हणालो, कधीच नाही.” इनोकेनं मान वर केली होती. सुरुजपाल त्याच्याकडं बघू शकला नाही. तो काकांच्या त्या न दिसणाऱ्या डोळ्यांकडं बघत राहिला. “तुमच्या तोंडून याचं नाव निघालं ना, काका, की मला सहन व्हायचं नाही.”